आधी माणसं लिहा, नाती मागून

नातेसंबंधांच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते: ‘तुमच्यात लग्नं कशी होतात?’ असं कुणालाही विचारू नका. उत्तरात रीत ऐकायला मिळते, घडलेलं कळत नाही. विचारायचं ते एकेका माणसाबद्दल.

एकेका माणसाबद्दल विचारत वंशावळ लिहिण्याची ही पद्धत ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत घडवली. समोरच्या व्यक्तीपासून आकृती काढायला सुरुवात करा. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, मृताच्या खुणेवर तिरकी रेघ. प्रश्नांत शब्द पाचच: आई, वडील, मूल, नवरा, बायको. काका, मावशी हे आपले शब्द मध्ये आणले की समोरचा आपल्या साच्यात उत्तरं देऊ लागतो. ‘आई’ म्हणजे जन्म देणारी, हेही आधीच नक्की करा. कित्येक समाजांत आईच्या बहिणींनाही आईच म्हणतात. नावं भरून झाली की एकेका खुणेवर बोट ठेवून विचारा, ‘यांना काय म्हणता? आणि हे तुम्हाला?’

प्रत्येक लग्नापाशी थांबा. कोण कुठे राहायला गेलं, कुणी कुणाला काय दिलं, ते देणं फिटलं का? ‘आम्ही मामेबहिणीशीच लग्न करतो’ असं लोक सांगत असतील, तर तशी लग्नं खरोखर किती झाली, हे आता आकृतीवर मोजता येतं.

लहानपणीच गेलेली मुलं आणि मोडलेली लग्नं पहिल्या फेरीत हमखास सुटतात. म्हणून तीच वंशावळ दुसऱ्या शाखेतल्या कुणाकडून, शक्यतो एखाद्या वयस्कर बाईंकडून, पुन्हा घ्या. फरक आला तर कुणालाही खोटं पाडू नका, दोन्ही लिहा. वारशाचा वाद अनेकदा तिथेच दडलेला असतो.

सगळ्यात जपून भरायचा तो बापाचा रकाना. निलगिरीतल्या तोडा जमातीत पूर्वी अनेक भावांची मिळून एक बायको असे. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास जो तिला विधीपूर्वक धनुष्यबाण देई, तो मुलाचा बाप. दुसऱ्या कुणी तो विधी करेपर्यंत पुढची मुलंही त्याचीच. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत, वारस न ठेवता मेलेल्या माणसाच्या नावाने त्याचा भाऊबंद लग्न करतो आणि होणारी मुलं मेलेल्याची मानली जातात, हे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदवलं. तेव्हा रकाने तीन ठेवा: जन्मदाता कोण, समाज बाप कुणाला मानतो, वाढवलं कुणी.

मग घरोघरची नोंद. कोण कुठे झोपतं, कुणाच्या चुलीवरचं खातं, आजारपणात कोण धावून येतं. मलेशियातल्या लंकावी बेटावर मानववंशशास्त्रज्ञ जॅनेट कार्स्टन यांना असं दिसलं, की एका चुलीवरचा भात खात राहिल्यानं माणसं एकमेकांची नातेवाईक होतात, असं तिथले लोक मानतात. रक्ताचं नातं तेच खरं, हा समज अभ्यासकानेच बरोबर नेलेला असू शकतो, हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड श्नायडर यांनी १९८४ साली ठासून मांडलं होतं. मला ते मनापासून पटतं.

वंशावळीत घराघरांची गुपितं उतरतात. आकृतीत फक्त क्रमांक घाला, नावांची वही वेगळी ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृतांची नावं उच्चारत नाहीत, तिथे तर आग्रह मुळीच नको. आणि एका घरचं दुसऱ्या घरी पडताळताना ‘अमुक असं म्हणाले’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारा.