अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर कसा शिकावा: सुरुवात चुकीपासून

स्पीकरफोनवर बोलताना आपला आवाज पलीकडच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्या माइकमध्ये शिरतो आणि क्षणभराने आपल्याला परत ऐकू यायला हवा. बहुतेक वेळा तो येत नाही, कारण वाटेत एक फिल्टर बसलेला असतो. त्याचे गुणक, म्हणजे आवाजाच्या सॅम्पल्सना (क्षणाक्षणाला मोजलेल्या आकड्यांना) ज्यांनी गुणायचं त्या संख्या, कोणी आधी ठरवून देऊ शकत नाही. खोली बदलली, फोन इकडचा तिकडे ठेवला, कोणी दार उघडलं, की प्रतिध्वनीची वाटही बदलते. म्हणून हा फिल्टर स्वतःच्या चुकीकडे बघत दर सॅम्पलला आपले गुणक सुधारत राहतो. अशा फिल्टरलाच अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर म्हणतात.

हा विषय बहुतेक ठिकाणी वीनर फिल्टर, सहसंबंध मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू अशा क्रमाने शिकवला जातो आणि बरेच जण दुसऱ्या टप्प्यावरच गळतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. चूक कशातून काय वजा करून मिळते, हे आधी बोटावर आलं पाहिजे. मॅट्रिक्सची गरज पुढे आपोआप जाणवते.

तयारी फार लागत नाही. एफआयआर फिल्टर म्हणजे मागच्या काही सॅम्पल्सना गुणकांनी गुणून केलेली बेरीज, एवढं कळलेलं असावं. सरासरी, व्हेरियन्स आणि पायथनमध्ये लूप लिहिणं यावं.

पायरी १: वही-पेन घेऊन तीन पावलं चाला

चार सिग्नल लक्षात ठेवा: इनपुट, अपेक्षित सिग्नल (ज्याची नक्कल फिल्टरला करायची आहे तो), फिल्टरचा आउटपुट आणि चूक. चूक म्हणजे अपेक्षित वजा आउटपुट. बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर) अल्गोरिदम एका ओळीत मावतो. त्यात म्यू म्हणजे दर वेळी किती मोठं पाऊल टाकायचं ते ठरवणारी छोटी संख्या:

नवा गुणक = जुना गुणक + म्यू × चूक × इनपुट

आता एकच गुणक असलेला फिल्टर घ्या. ज्या अनोळखी सिस्टीमची नक्कल त्याला करायची आहे ती इनपुटला ३ ने गुणते, पण फिल्टरला ते माहीत नाही. गुणक ० पासून सुरू, म्यू ०.१. पहिला इनपुट १. अपेक्षित ३, आउटपुट ०, चूक ३, नवा गुणक ०.३. दुसरा इनपुट २. अपेक्षित ६, आउटपुट ०.६, चूक ५.४, नवा गुणक १.३८. तिसरा इनपुट −१. अपेक्षित −३, आउटपुट −१.३८, चूक −१.६२, नवा गुणक १.५४२.

तिसऱ्या पावलावर थोडं थांबा. चूक ऋण, इनपुटही ऋण, तरी गुणक वाढला, आणि वाढायलाच हवा होता. चुकीला इनपुटने का गुणायचं, याचं उत्तर या एका पावलात आहे: गुणक कोणत्या दिशेला सरकवायचा हे इनपुटचं चिन्ह सांगतं. दुसऱ्या पावलावरची उडी मोठी का होती, हेही नोंदवून ठेवा. पाचव्या पायरीत त्याचा उपयोग आहे.

पायरी २: म्यू मुद्दाम बिघडवा

त्याच उदाहरणात इनपुट कायम २ ठेवा आणि म्यू १ करा. गुणकातली चूक, म्हणजे ३ वजा फिल्टरचा गुणक, ३ वरून −९, मग २७ होते. म्यू ०.५ ठेवला तर ती ३ आणि −३ मध्ये कायम हेलकावे खाते. ०.५ च्या खाली ती विरते. म्हणजे सीमा आहे २ भागिले इनपुटचा वर्ग. गुणक अनेक असले की व्यवहारात २ भागिले (गुणकांची संख्या × इनपुटची पॉवर, म्हणजे त्याच्या वर्गाची सरासरी) ही सीमा धरतात आणि सुरुवात तिच्या दहाव्या हिश्शापासून करतात. म्यू जास्त झाला की फिल्टर कसा उधळतो, हे एकदा स्वतःच्या ग्राफवर पाहून घ्या. पुढे कुठे तसा आलेख दिसला की कारण लगेच ओळखू येईल.

पायरी ३: ज्याचं उत्तर माहीत आहे असं कोडं घाला

खऱ्या आवाजाच्या फाइलला एवढ्यात हात लावू नका. तिथे फिल्टर बरोबर चालला की चुकला, हे ताडून बघायला उत्तरच नसतं. त्याऐवजी ०.५, −०.३, ०.२, ०.१ असे चार गुणक स्वतः ठरवा. १ पॉवरचा व्हाइट नॉइज (ज्यात एका सॅम्पलचा दुसऱ्याशी संबंध नसतो असा यादृच्छिक सिग्नल) त्यातून पाठवा, आलेल्या सिग्नलमध्ये ०.००१ पॉवरचा वेगळा नॉइज मिसळा आणि तो अपेक्षित सिग्नल म्हणून एलएमएसला द्या. म्यू ०.०५.

प्रत्येक सॅम्पलला आलेल्या चुकीचा वर्ग डेसिबलमध्ये काढा. एका वेळेचा आलेख फार काटेरी दिसतो, म्हणून नवा नॉइज घेऊन हाच प्रयोग १०० वेळा करा आणि सरासरी काढा. आलेख घसरत −३० डेसिबलच्या जरा वर स्थिरावायला हवा. त्याखाली तो जाणार नाही, कारण मिसळलेल्या नॉइजचा अंदाज इनपुटवरून बांधता येत नाही. आता म्यू ०.००५ करा. तळ −३० च्या आणखी जवळ येतो, पण पोहोचायला साधारण दहापट सॅम्पल्स लागतात. वेग आणि अचूकता यांतली ही ओढाताण अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयात येते.

मग एकच गोष्ट बदला. व्हाइट नॉइजऐवजी असा इनपुट द्या, ज्यात प्रत्येक सॅम्पल आधीच्या सॅम्पलचा ०.९ भाग अधिक थोडा नवा नॉइज असतो. पॉवर पुन्हा १ वर आणा. आलेख आधी झपकन घसरेल आणि मग रेंगाळेल. गुणकांच्या प्रत्येक निवडीला चुकीच्या वर्गाची सरासरी किती येते हे उंची म्हणून मांडलं तर जो पृष्ठभाग तयार होतो, तो आता गोल वाटीसारखा राहिलेला नाही, तो लांबट अरुंद घळीसारखा झाला आहे. फिल्टर घळीच्या भिंतीवरून पटकन उतरतो आणि तळातून अगदी हळू सरकतो. आयगेनव्हॅल्यूंमधली तफावत म्हणजे याच घळीच्या लांबी-रुंदीची गोष्ट. तो धडा वाचायची योग्य वेळ ही.

पायरी ४: गोंगाट वजा करा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. दोन माइक असतात. मुख्य माइकमध्ये बोलणं अधिक गोंगाट, संदर्भ माइकमध्ये फक्त गोंगाट. संदर्भ हा फिल्टरचा इनपुट आणि मुख्य माइक हा अपेक्षित सिग्नल. फिल्टर गोंगाटाची नक्कल तयार करतो, ती वजा होते आणि उरतं ते बोलणं. म्हणजे इथे आपल्याला हवी असलेली गोष्ट फिल्टरच्या आउटपुटमध्ये नसते, ‘चूक’ या सिग्नलमध्ये असते. मी स्वतः शिकताना कितीतरी दिवस फिल्टरचा आउटपुट ऐकत होतो आणि त्यात गोंगाटच का येतो, याचं कारण कोडमध्ये शोधत होतो. कोड बरोबर होता.

विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याच पद्धतीने गर्भाच्या हृदयाचा ईसीजी वेगळा काढून दाखवला. आईच्या पोटावरचा सिग्नल मुख्य, छातीवरचे सिग्नल संदर्भ. छातीवर आईचेच ठोके ठळक असतात, ते वजा झाले की बाळाचे उरतात. अल्गोरिदम तोच, एका ओळीचा. सगळी हुशारी संदर्भ कुठून घ्यायचा यात आहे.

त्यामुळे कोड चालवण्याआधी दोन गोष्टी तपासा. संदर्भात बोलणं झिरपतं का? झिरपलं तर फिल्टर तेही पुसायला लागेल. आणि गोंगाट संदर्भ माइकला आधी पोहोचतो का? उशिरा पोहोचत असेल तर साध्या फिल्टरला न आलेल्या सॅम्पलचा अंदाज करावा लागतो. मुख्य माइकच्या सिग्नलला थोडा विलंब दिला की हे सुटतं.

पायरी ५: एनएलएमएस आणि प्रतिध्वनी

पहिल्या पायरीत इनपुट २ असताना उडी मोठी पडली होती. बोलण्याचा आवाज सतत चढतो-उतरतो, त्यामुळे एकच म्यू कधी घातक ठरतो, कधी निष्प्रभ. एनएलएमएसमध्ये (नॉर्मलाइज्ड एलएमएस) सुधारणेला फिल्टरमधल्या इनपुटच्या एकूण ऊर्जेने, म्हणजे त्या सॅम्पल्सच्या वर्गांच्या बेरजेने, भागतात. शांततेत भाजक शून्याजवळ जाऊ नये म्हणून त्यात एक छोटी संख्या मिळवतात. म्यू आता ० ते २ च्या मध्ये ठेवला की पुरतं.

सेकंदाला ८००० सॅम्पल्स असतील तर ६४ मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीसाठी ५१२ गुणक लागतात. दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या की जवळच्या माणसाचा आवाज चूक म्हणून धरला जातो आणि शिकलेले गुणक विस्कटतात. तेवढा वेळ शिकणं थांबवायचं, वजाबाकी मात्र चालू ठेवायची.

पायरी ६: आरएलएस सर्वांत शेवटी

एलएमएसला ५१२ गुणकांसाठी दर सॅम्पलला सुमारे हजार गुणाकार लागतात. आरएलएस (रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स) आतापर्यंतच्या सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवतो. साध्या आरएलएसचं काम गुणकांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं, आणि ५१२ चा वर्ग २,६२,१४४ आहे. त्या बदल्यात काय मिळतं ते पाहायला तिसऱ्या पायरीतला रेंगाळणारा इनपुट आरएलएसला द्या. घळ त्याला जाणवतच नाही, काही मोजक्या सॅम्पल्समध्ये तो तळाशी पोहोचतो. मग सिग्नलच्या मध्यावर तुम्ही ठरवलेल्या चारही गुणकांची चिन्हं अचानक उलटी करा. जुन्या सॅम्पल्सचं वजन दर पावलाला किती घटवायचं ते ठरवणारा विस्मरण गुणक १ ठेवला असेल तर आरएलएस जुन्या सगळ्या सॅम्पल्सना धरून बसतो आणि नव्या उत्तराकडे फार सावकाश वळतो. ०.९९ ठेवला तर त्याची आठवण साधारण १०० सॅम्पल्सपुरती राहते आणि तो लवकर सावरतो. दोन्ही आलेख एलएमएसच्या आलेखावर ठेवून बघा.