उसाच्या ट्रॉलीचे हेलकावे कसे थांबले

गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर उतार लागला, की आमची एका आसाची ट्रॉली मागून डोलू लागे आणि ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडू पाहत. टायर बदलण्याचे सल्ले मिळाले. मला मात्र दोष भरण्याच्या पद्धतीत दिसला. मोळ्या आसाच्या मागे जास्त रचल्या, की ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारी पुढची दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि नेमका ब्रेकच्या वेळी तोल जातो. म्हणून दांडीचा थोडा भार हुकावर टेकेल इतका ऊस पुढे घेतला. हुकाची पिन काढून पाहिली, तर ती मधोमध झिजून कमरेत बारीक झाली होती. मापाची नवी पिन, तिला स्प्रिंगची क्लिप आणि दांडीखालून फुली मारून दोन साखळ्या लावल्या. हेलकावे बंद झाले. शेतात वळण्यासाठी वेगळे ठेवलेले ब्रेकचे दोन्ही पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी कडीने जोडतो (बरेच चालक हे विसरतात), कारण एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारापूर्वीच खालचा गिअर टाकतो आणि क्लच दाबत नाही. बाहेर लोंबणारे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मागचा दिवा झाकतात, तेवढे छाटून लाल परावर्तक पट्टी उघडी ठेवतो.