फॉर्म भरायच्या आधी पैशांची तयारी

नगरसेवकपदाला उभं राहायचं ठरलं असेल तर भाऊ, बॅनरचं डिझाइन नंतर बघा, आधी बँकेत जा आणि निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडा. घरचे, पक्षाचे, मित्रमंडळींचे, जे काही पैसे येतील ते त्याच खात्यात आणि खर्चही तिथूनच. खर्चाची मर्यादा पाठ पाहिजे. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने त्या वाढवल्या, जळगाव-धुळे महापालिकेत उमेदवाराला ९ लाख, भुसावळसारख्या अ वर्ग नगरपालिकेत सदस्याला ५ लाख आणि नगराध्यक्षाला १५ लाख.

आता देणगी, घोळ होतो तो इथेच. एमआयडीसीतले डाळमिलवाले, तालुक्यातले जिनिंगवाले "तू उभा राहा, आम्ही बघून घेतो" म्हणतात तेव्हा पहिले हे विचारायचं की शेठ, तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे का भागीदारी? प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याचं कलम १८२ लागतं, म्हणजे कंपनीला तीन आर्थिक वर्षं झालेली पाहिजेत, संचालक मंडळाचा ठराव पाहिजे, पैसे कॅशमध्ये चालत नाहीत, चेक, डीडी किंवा ऑनलाइनच, आणि रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांच्या आत. ही मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती, पण १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोख्यांबरोबर ती दुरुस्तीही रद्द केली, त्यामुळे "आता कितीही देता येतं" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. नियम मोडला तर कंपनीला देणगीच्या पाचपट दंड आणि जबाबदार माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे तुमच्या भल्यासाठी आलेला माणूस तुमच्यामुळे अडकतो. पक्षाच्या स्मरणिकेत कंपनीची पानभर जाहिरात टाकली तरी ती राजकीय देणगीच धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि इन्कम टॅक्सची सूट पाहिजे असेल तर पैसे नोंदणीकृत पक्षाला द्यावे लागतात, उमेदवाराच्या खात्यात टाकून ती मिळत नाही, शेठला हे आधीच स्पष्ट सांगा म्हणजे नंतर तोंड वाकडं होणार नाही.

पालिकेचा ठेकेदार देणगी द्यायला आला तर माझं मत सरळ आहे, घेऊ नका. गटारीचं बिल घेऊन तो सहा महिन्यांनी दारात उभा राहणार, तेव्हा तुम्ही वॉर्डातल्या लोकांच्या बाजूने बोलणार कसे? आणि ठेक्यात तुमचा हितसंबंध निघाला तर नगरसेवकपदच जातं.

नातेवाईक आणि गल्लीतली पोरं यांना एकत्र बसवून सांगा की लेखी परवानगीशिवाय कोणी स्वतःच्या खिशातून बॅनर, सभा, जाहिरात करायची नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये त्याला दंड आहे. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आहे का ते प्रूफ बघतानाच तपासा.

जेवणाचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे हिवाळ्यात प्रचार म्हणजे शेतात भरीत-पुरी ठरलेलीच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली की अर्धा वॉर्ड गोळा होतो. कार्यकर्त्यांचं जेवण खर्चात धरा, चहा, नाश्ता, रिक्षा, स्पीकर, खुर्च्या सगळ्याचं दरपत्रक मिळतं, त्याच रेटने लिहा. पण मतदारांना मतासाठी जेवू घालणं लाचेत मोडतं, तिथे शेत कोणाचं होतं हे कोणी विचारत नाही.

शेवटचं म्हणजे हिशोबाला माणूस आत्ताच ठरवा, ज्याला प्रचारात फिरायचंच नाही असा. बिलं रोज संध्याकाळी त्याच्याकडे जमा, खर्चाची नोंद रोजच्या रोज, आणि निकालापासून ३० दिवसांत पूर्ण हिशोब सादर. हरलेल्यांनाही द्यावा लागतो, नाही दिला तर पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरू शकता, आणि निकालानंतर मांडववाला फोन उचलत नाही म्हणून त्याचं बिल आधीच मागून ठेवा.