प्लंबिंगची कंत्राटं घ्यायला लागण्याआधी

पैशांपासून सुरुवात करा, पान्यांपासून नको. मिस्त्रीला केलेल्या दिवसाची मजुरी मिळते. कंत्राटदाराला मटेरियल आधी आणावं लागतं, हाताखालच्यांचा पगार वेळेवर द्यावा लागतो आणि बिल निघतं काम तपासून झाल्यावर. म्हणून एखादं बिल दोन-तीन महिने अडकलं तरी माणसं टिकतील एवढी रक्कम बाजूला ठेवा. नसेल, तर पहिली कामं फक्त मजुरीवर घ्या, मटेरियल मालकाचं. परवाना, कर नोंदणी, कामगारांचा अपघात विमा ही कागदपत्रं त्याच सुमारास उरकून टाका.

हत्यारं बहुतेक तुमच्याकडे असतीलच. प्रेशर टेस्टिंगचा हातपंप नसेल तर तेवढा विकत घ्याच, उसन्यावर भागवू नका.

खरा वेळ द्या दरपत्रकाला. दर पॉइंटवर (म्हणजे नळ-शॉवरसारख्या प्रत्येक जोडणीमागे) आहे, रनिंग फुटावर (पाइपाच्या लांबीवर) आहे की पूर्ण कामाचा ठोक, हे तर लिहाच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दरात काय धरलेलं नाही ते लिहा. भिंतीला खाच कोण मारणार, ती कोण बुजवणार, मलबा कोण उचलणार, वॉटरप्रूफिंग फुटलं तर कोणाच्या खात्यावर? भांडणं इथेच होतात, पाइपावरून क्वचितच. नळ आणि शॉवर टाइल्स लागल्यावर बसतात, त्या दुसऱ्या फेरीची मजुरीही आधीच धरा. कामानंतर मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम कधी सुटणार, तीही तारीख कागदावर हवी.

भिंतीत जाणारी प्रत्येक लाइन प्लास्टर आधी तपासायची, असा नियम स्वतःलाच घालून घ्या. सॉल्व्हंट सिमेंटचे (प्लास्टिकचे पाइप चिकटवायच्या द्रावणाचे) जोड डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्या, मग पाणी भरून, हवा पूर्ण काढून, नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब हातपंपाने द्या आणि दाब दाखवणारा काटा उतरतो का पाहा. 10 मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम 1 बार असतो, त्यामुळे नुसतं टाकीचं पाणी सोडून पाहणं म्हणजे टेस्ट नव्हे. प्लास्टिकच्या पाइपात कॉम्प्रेसरची हवा तर भरूच नका. पाइप फुटला की तुकडे उडतात. 100 मिलिमीटरच्या सांडपाण्याच्या पाइपाला मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर ढाळ आहे का, तेही याच वेळी बघा. मग मोजायची टेप लावून फोटो काढा, मालकाला पाठवा, आणि त्यानंतरच टाइल्सवाल्याला भिंत द्या.