पिंगुळीला निघालाय? दोन पुठ्ठे घ्या

पुण्याहून कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर आदिवासींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाण्यातून गोष्ट सांगायची कला, बघायला जाणाऱ्यांसाठी लिहितेय. कपडे, औषधं, चार्जर तुमचं तुम्ही बघा. दोन जाड पुठ्ठे मात्र घ्याच. ए-टू साइझचे, अप्पा बळवंत चौकात मिळतात, सोबत मोठी प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी.

मागच्या वेळी मी नेले नाहीत. चित्र घेतलं, गुंडाळी करून रबर लावलं, मागच्या सीटवर टाकलं. आंबोलीत धबधब्यासाठी काचा खाली केल्या, गाडीत धुकं शिरलं, कागद सादळला आणि वर कुणीतरी सॅक ठेवली. घरी उघडलं तर घडी बरोबर सीतेच्या डोळ्यावरून गेलेली. या चित्रांत चेहरे बहुतेक बाजूने असतात आणि डोळा एवढा मोठा, की आधी नजर तिथेच जाते. आता माझी तिथे घडीवर जाते. इस्त्री, वजन, सगळं करून झालं, जात नाही. म्हणून पुठ्ठे.

आधी फोन करा, नुसतं जाऊन उभं राहू नका. ठाकर आदिवासी कला आंगण हे गंगावणे कुटुंबाचं घरचं म्युझियम आहे, गोठ्यात उभं केलेलं. परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, कशालाही वादक-गाणारे जमवावे लागतात, तुम्ही दारात आलात म्हणून खेळ लगेच लागत नाही. खेळाला वेळ ठेवा, मध्येच उठू नका, मोबाइल खिशात ठेवा. एकेका कथेच्या सुट्या चित्रांची पोथी असते, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, पान उलटलं की गोष्ट पुढे जाते. जुन्या पोथीचा भाव कृपा करून विचारू नका, ती त्यांच्या पूजेतली आहे. विकायला नवी चित्रं असतात, ती घ्या, घासाघीस नको. आणि घेतलं की तिथेच पुठ्ठ्यात घाला, गाडीत बसल्यावर बघू म्हणू नका, मीही तेच म्हटलं होतं.

रस्ता निपाणी, आजरा, आंबोली. पहाटे निघा.

सावंतवाडीला अर्धा दिवस. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, दशावतारी संचात १२० गोल पत्ते, मग चितारआळीत लाकडी खेळणी. कॅश ठेवा.

परतताना कोकमाच्या आगळाच्या बाटल्या डिकीत, चित्र पुठ्ठ्यात सपाट, वर काही नाही. घाटात काचा बंद.