भुयारी मेट्रो : खोदाईआधी गुंतागुंत मोजण्याची तयारी

मार्ग किती लांब आणि खर्च किती, यावरून मेट्रोचे काम किती गुंतागुंतीचे आहे हे कळत नाही. मुंबईची कुलाबा–वांद्रे–सीप्झ मेट्रो ३ घ्या: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, त्यांतली २६ भुयारी, स्थापत्यकामाची ७ पॅकेजे (वेगवेगळी कंत्राटे), १७ टीबीएम (बोगदा खोदणारी यंत्रे). अशा कामात वेळ बहुतेकदा दोन कंत्राटांच्या सांध्यावर, म्हणजे एकाचे काम दुसऱ्याला जिथे जोडले जाते तिथे जातो. म्हणून बार चार्टला (कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्याला) हात घालण्याआधी सांधे मोजा.

स्थापत्याच्या ७ पॅकेजांत रूळ, सिग्नल, गाड्या, वीजपुरवठा, वायुवीजन, लिफ्ट व सरकते जिने, फलाटावरचे दरवाजे आणि तिकीट यंत्रणा ही ८ कामे मिळवली की पक्ष (स्वतंत्रपणे काम करणारे) होतात १५ आणि त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या १०५. महापालिका, वीज कंपनी, रेल्वे आणि वाहतूक पोलीस धरले की पक्ष १९ आणि जोड्या १७१. चारच पक्ष वाढले, पण जोड्या ६६ने वाढल्या. उभे-आडवे १९ रकाने आखा आणि जिथे जागा, ड्रॉइंग, वीज, भार किंवा ताबा खरोखर एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेवढ्याच चौकटींवर खूण करा. प्रत्येक खुणेला १ ते ३ असे दोन गुण द्या: चूक किती उशिरा उघड होईल, आणि दुरुस्तीला किती तोडफोड लागेल. गुणाकार ६ किंवा ९ आला की ती बाब दर आठवड्याच्या बैठकीत घ्या. तिच्यापुढे एकच जबाबदार माणूस, एकच ड्रॉइंग क्रमांक आणि एकच तारीख हवी. ‘दोघांची जबाबदारी’ असे लिहिलेली बाब हमखास कोणीच पाहत नाही.

सगळ्यात जास्त नडतात ती स्लॅबमधली केबलची भोके. त्यांची मापे यंत्रणेच्या कंत्राटदाराकडून यायची असतात, आणि त्याची नेमणूक बहुधा स्लॅब ओतून झाल्यावर होते. मग कोअर कटिंग (तयार काँक्रीटला यंत्राने भोक पाडणे) करताना सळया कापल्या जातात. यासाठी निविदेतच तात्पुरती मापे थोडी मोठी धरून द्या आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल लेखी घ्या. फलाटाच्या कडेचेही तसेच. गाडी आणि कडा यांतले अंतर मिलिमीटरमध्ये सांभाळायचे असते, तेव्हा स्थापत्य आणि रूळ या दोघांनी एकाच सर्वेक्षण जाळ्यावरचे बिंदू वापरायला हवेत. आपापली बेंचमार्क (मोजमापाचे संदर्भबिंदू) धरली तर पॅकेजच्या हद्दीवर फरक निघतोच.

जमिनीखालचे काम नकाशावर सोडू नका. मुंबईचा बेसाल्ट टणक असला तरी मध्येच ब्रेसिया आणि टफ हे वेगळे खडक लागतात, भेगांतून पाणी येते. स्थानकाच्या चारही कोपऱ्यांत बोअर (खडक तपासायची खोल भोके) घ्या, आणि दोन बोअरमध्ये खडक बदलत असेल तर त्यांच्या मध्ये आणखी एक. जुन्या जलवाहिन्या आणि केबल नकाशात दाखवलेल्या जागी क्वचितच सापडतात, म्हणून रस्त्याच्या पूर्ण रुंदीत हाताने चाचणी चर खणा. हे काम पावसाळ्याआधी उरका, कारण त्या काळात रस्ता खोदायला सहसा परवानगी मिळत नाही. गिरगाव-काळबादेवीसारख्या दाट वस्तीत तर प्रत्येक इमारतीच्या भेगांचे फोटो आणि मोजमाप रहिवाशांच्या सह्यांसह आधीच करून ठेवा. त्या नोंदी रहिवाशांच्याही कामाच्या असतात.

राड्याचा, म्हणजे खोदून निघालेल्या खडकाचा, हिशेब सोपा आहे, तरी तो राहून जातो. ६.६ मीटर व्यासाच्या टीबीएमने १ मीटर खोदले की सुमारे ३४ घनमीटर खडक निघतो, फुटल्यावर तो दीडपट म्हणजे ५० घनमीटरच्या आसपास होतो. दिवसाला १० मीटर खोदाई धरली तर १० घनमीटरच्या डंपरच्या ५० खेपा. फक्त रात्रीच्या ८ तासांची मुभा असेल तर दर १० मिनिटांना एक डंपर भरून सुटला पाहिजे, आणि दिवसभराचा राडा साठवायची जागा शाफ्टपाशीच (बोगद्यात उतरायच्या उभ्या खड्ड्यापाशी) हवी. ती नसेल तर चांगले चालणारे यंत्रही थांबते.

शेवटी तारखा. टीबीएम पोहोचण्याआधी स्थानकाचा खड्डा तयार हवा, ही साखळी चार्टवर वेगळ्या रंगात दाखवा. स्थापत्याला उशीर झाला की चाचण्यांचे दिवस कापायचा मोह होतो. सिग्नलच्या सॉफ्टवेअरची गाडीसह चाचणी आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी यांचा कालावधी म्हणूनच गोठवा, आणि त्यातला एक दिवस जरी मागितला गेला तरी मंजुरी प्रकल्प संचालकांच्या सहीनेच द्या.