इम्प्लांट ढिला राहतो तो भोक पाडतानाच: या चुका टाळा

गणपती नुकतेच विसर्जन झाले होते. रामबागेतल्या एका काकूंच्या वरच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम मुळासारखा स्क्रू, बसवत होतो. शेवटच्या आट्यांवर रेंच आवळायला घेतला आणि हाताला काही लागेचना. इम्प्लांट नुसता गोल फिरत होता, आटे गेलेल्या बरणीच्या झाकणासारखा. इंदूरला दवाखाना उघडून मला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. चूक माझीच, पण ती रेंच हातात घेतल्यावर झाली नव्हती. पंधरा मिनिटं आधीच होऊन गेली होती.

किटमध्ये ड्रिल ओळीने मांडलेले असतात, बारीक ते जाड. हात आपसूक शेवटच्या ड्रिलपर्यंत जातो. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड म्हणजे वरून पातळ कवच आणि आत टोस्टसारखं जाळीदार. तिथे शेवटचा ड्रिल मारला की आटे रुतायला काही उरतच नाही. अशा हाडात एक साइज आधी थांबायचं आणि उरलेली जागा इम्प्लांटलाच दाबून करू द्यायची. भोकाचं तोंडही उगाच रुंद करू नका. पकड जी काही मिळते ती त्या पातळ कवचातच. हाड मऊ आहे हे सीबीसीटीवर, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर, दिसतं, पण खरं कळतं ते पहिल्या २ मिमीच्या ड्रिलला. लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला, की पुढचा बेत तिथेच बदला.

खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हेच सगळं उलटं. तिथलं हाड टणक, रक्तपुरवठा कमी. तिथे भोक लहान ठेवून जोर लावला तर रेंच ७० न्यूटन सेंटीमीटर (पीळ मोजायचं एकक) दाखवतो आणि डॉक्टर खूश होतो. मला या खुशीची भीती वाटते. आवळलेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, कडेचं हाड मरतं. दात लगेच बसवायचा असेल तर साधारण ३५ ही बहुतेकांची किमान अट असते. त्याच्या दुप्पट पीळ म्हणजे दुप्पट मजबुती नव्हे. टणक हाडात इम्प्लांट मध्येच अडला तर रेटू नका. उलटा फिरवून बाहेर काढा, टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हाडात आटे पाडा, मग पुन्हा बसवा.

तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. हाड ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी इजा होते, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. तरी बोथट झालेला ड्रिल आपण ‘अजून एक केस निघेल’ म्हणत वापरतो. ड्रिल कापेनासा झाला की आपण दाबतो, आणि दाबलं की तापतो. थोडं खाली, लगेच वर, पुन्हा खाली, असं करत गेलं की हाडाचा किसही बाहेर येतो आणि थंड ठेवणारं सलाईनही आत पोचतं. सर्जिकल गाइड (ड्रिलला दिशा देणारा साचा) वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण गाइडची कडा सलाईनची धार अडवते. आमच्याकडे प्रत्येक ड्रिलच्या केसेस मोजून डबीवर पेनाने रेघा ओढतात. दिसायला गावठी, पण चालतं.

हात डगमगण्याचंही तसंच. ड्रिल ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत बाहेर यायला हवा. बाहेर काढताना मनगट तिरकं झालं की गोल भोकाचं लंबगोल होतं. बोटाला शेजारच्या दाताचा टेकू द्या.

भाजलेलं हाड त्या दिवशी तक्रार करत नाही. इम्प्लांट घट्ट बसतो, पेशंट हसत घरी जातो. मग दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुन्या हाडाची पकड सुटत जाते आणि नवं हाड अजून धरलेलं नसतं. चांगल्या केसमध्येही या काळात घट्टपणा थोडा उतरतो; बिघडलेल्या केसमध्ये इम्प्लांट हलायलाच लागतो. सुमारे १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी नुसते तंतू तयार होतात. आणि याच दिवसांत आपल्या इंदूरचा माणूस पोह्यांवर मूठभर लौंग सेव घेतो. ‘मऊ खा’ एवढं सांगून भागत नाही. सेवेचं नाव घेऊनच सांगावं लागतं, नाहीतर त्यांच्या मते सेव मऊच!

फिरणाऱ्या इम्प्लांटचं काय करायचं? आडवा हलत नसेल, नुसता जागच्या जागी फिरत असेल, तर हिरडीखाली झाकून जास्त दिवस थांबता येतं. १९६५मध्ये आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रानेमार्क यांनी पहिला पेशंट केला. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन आणि वरच्याला सहा महिने झाकून ठेवत. हाड रुंद असेल तर तो काढून जास्त जाडीचा घाला. जागा नसेल तर बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरा, टाके घाला आणि पेशंटला खरं सांगा.

काकूंच्या हाडाला रुंदी होती. ४.२ काढून ५ मिमीचा घातला, हिरडी शिवून टाकली आणि काय झालं ते त्यांना सांगितलं. त्या थोड्या रागावल्या. पाच महिन्यांनी उघडून मोजलं तर आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांटच्या घट्टपणाचा १ ते १०० मधला आकडा, ७१. चांगला. म्हटलं, दात बसायला अजून तीन आठवडे.

“म्हणजे रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, होऊन जाईल,” काकूंनी बोटांवर मोजलं. “तोवर सेव बंदच ना?”

“बंदच.”